टोपी पडली त्याचं कारण

चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर
मंगळवार

आदरणीय कडुबा काकांना,
तुमच्या थोरल्या भावाच्या मुलीचा, रूपालीचा, सप्रेम जय भीम.

माणूस रुसलाय की आजारी आहे, हे नुसत्या चेहऱ्यावरून कसं ओळखायचं? काका, मला याचं उत्तर येत नाही. बी.ए.ला असताना कुणी शिकवलं नाही, आणि बाबांच्या तोंडाकडं रोज बघूनही ते मला जमलेलं नाही. असो. तुमची तब्येत कशी आहे? काकूंचे गुडघे सोयगावच्या थंडीत दुखतात का? शिवम आणि वहिनी सुखात असतील. पत्र बघून नवल वाटलं असेल, पण तुम्ही फोनवर मला ब्लॉक केलंय, आईला ब्लॉक केलंय, आणि भावकीच्या ग्रुपमधून कुणाला न सांगता निघून गेलात (म्हणजे तुम्हाला वाटलं न सांगता, पण तिथं तशी पाटी पडते). पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र.

शिवमच्या लग्नात कचरूभाऊनं, म्हणजे आमच्या बाबांनी, भर मांडवात अपमान केला, असं तुम्ही सगळ्या पाहुण्यांना सांगितलंय. पंचशील घेताना त्यांचे ओठ हलले नाहीत. सगळा मांडव तीनदा ‘साधू’ म्हणाला आणि हे गप्प. फोटोत असे बसलेत, जणू मुलीकडच्यांनी जबरदस्तीनं आणून बसवलंय. आणि मग तुम्ही थोरल्याचा मान म्हणून स्वतःच्या हातानं टॉवेल-टोपी केलीत, तर हे उठले नाहीत, टोपी घसरून मांडीवर आणि मांडीवरून खाली पडली, आणि यांनी ती उचललीसुद्धा नाही; तुम्हीच उचलून पुन्हा घालायला गेलात, तर वर काहीतरी पुटपुटले. काका, यातलं एक अक्षर खोटं नाही. आईनं तर मागून चिमटाही काढला होता. चेहऱ्यावरची रेष हलली नाही तेव्हा ती माझ्या कानात म्हणाली, “यावेळी लईच खोलवर रुसलंय माणूस.” आपल्या भावकीत रुसण्याचा अनुभव इतका दांडगा आहे, की त्यापलीकडं चेहऱ्याला दुसरं काही होऊ शकतं हे कुणाच्या मनातच आलं नाही. मधल्या आत्याच्या लग्नातला रुसवा तर तिच्या मुलाच्या लग्नात मिटला.

खरं म्हणजे त्याआधीपासून घरात एक वेगळाच तपास चालू होता. बाबांचा उजवा अंगठा बोटांवर सारखा फिरायचा, बसल्या बसल्या, टीव्ही बघताना, अगदी तंबाखू मळल्यासारखा. बाबांनी तंबाखू सोडून किती वर्षं झाली हे तुम्हाला माहीत आहे, सोडायला लावणारे तुम्हीच. पण आईची खात्री पटली की पुडी कुठंतरी आहे. तिनं शर्टाचे खिसे उलटे केले, उशीचा अभ्रा उसवला, कंपनीच्या जुन्या बुटांत हात घातला. पुडी सापडेना तसा तिचा संशय वाढत गेला, कारण इतकी चांगली लपवतो म्हणजे माणूस पोचलेला. बाबा म्हणायचे, “अगं, हात आपोआप हालतुय.” त्यावर आई, “व्हय, आणि तंबाखू आपोआप तोंडात जातीय.”

उपचार केले नाहीत असं नाही. उजवा खांदा आखडला तेव्हा करमाडच्या एका चोळणाऱ्याकडं नेलं. त्यानं असं चोळलं की डावाही आखडला, आणि तो म्हणाला, आता दोन्ही सारखे झाले. गल्लीतल्या डॉक्टरांनी कमजोरी म्हणून सलाईन लावलं. दुसऱ्यांनी मानेला पट्टा दिला. त्या पट्ट्यात बाबा आधीपेक्षा जास्तच रुसलेले दिसायला लागले. तिसरे म्हणाले, वय झालं. (बाबांचं वय अजून कंपनीतून रिटायर होण्याइतकंही नाही.) घरातली पहिली पदवीधर असल्यामुळं घरातला प्रत्येक सरकारी कागद आणि प्रत्येक दुखणं माझ्याकडं येतं. मला समाजशास्त्र येतं. पण बाबा दारात आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे थबकतात आणि मग बारीक बारीक पावलं टाकतात, ते समाजशास्त्रात बसेना. म्हणून मी शोधून त्यांना मेंदू आणि नसांच्या डॉक्टरकडं नेलं.

त्या मॅडमनी सुई लावली नाही, मशीन लावलं नाही. फक्त चालायला लावलं, वळायला लावलं, अंगठा आणि बोट टकटक जुळवायला लावलं. मग एक ओळ लिहायला दिली. बाबांनी स्वतःचं नाव लिहिलं, ‘कचरू’चा क ठीक होता, पुढं अक्षरं मुंग्यांएवढी होत गेली. मॅडमनी विचारलं, वास येतो का? आई म्हणाली, “डाळ करपली तरी एक शब्द बोलत नाहीत. मला वाटलं, आता समजूतदार झाले.” मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, पार्किन्सन आहे, कंपवात म्हणतात तो. चेहऱ्याचे स्नायू जखडतात, आवाज खाली जातो, खुर्चीतून उठणं अवघड होतं. समूळ बरा होत नाही, पण गोळ्यांनी आणि व्यायामानं माणूस बराच काळ बरा चालतो, आणि गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत. आई तिथंच रडली. मला वाटलं आजारामुळं. बाहेर आल्यावर म्हणाली, “खिसे तपासले गं मी यांचे.”

रिक्षात मी बाबांना विचारलं, काका मांडवात दुसऱ्यांदा टोपी घालायला आले तेव्हा तुम्ही काहीतरी पुटपुटलात, ते काय होतं? (तुम्ही सगळ्यांना सांगताय की शिवी होती.) म्हणाले, “हात दे, म्हनलो. उठायचं होतं. त्याला ऐकू नाय गेलं.”

मला वाटलं होतं, आजाराला नाव मिळालं की निम्मं काम झालं. काका, माझी सगळी घडण अशीच आहे, माहिती दिली की माणूस सुधारतो असं मला वाटतं. मी तर विहारात बायकांना या आजाराची लक्षणंही सांगितली. परिणाम असा झाला की शेजारच्या गोजरबाईनं दुसऱ्या दिवशी नवऱ्याला माझ्याकडं आणून बसवलं, कारण तोही तिच्याशी बोलताना चेहरा हलवत नाही. आणि जाता जाता बाबांना सांगून गेली की या गोळ्या एकदा धरल्या की जन्माच्या मागं लागतात. बाबांनी गोळ्या बंद केल्या. मी समजावलं, आई रडली, मॅडमना फोन लावून ऐकवलं. मग एकदा ओसरीत आम्ही दोघंच असताना म्हणाले, “रुसलेल्या माणसाला लोक घाबरतेत, पोरी. आजारी माणसाची कीव करतेत. कडुबाला सांगू नको. रुसलोच म्हन.” रोज थोडं जास्त वाकून चालतात. चहाचा कप बशीत वाजतो म्हणून पेल्यात पितात, तोही आमच्याकडं पाठ करून. त्या पाठीकडं बघत मी पदवीचा उपयोग शोधत बसते.

तेव्हा काका, या पत्रातून माझं काही मागणं नाही. तुम्ही येऊ नका, फोन करू नका, कुणाला सांगू नका. टोपी का पडली एवढं तुम्हाला माहीत असावं, इतकंच.

तुमची,
रूपाली

ता. क. वर लिहिलंय ते खरं, पण अर्धं. काल मी बाबांना स्पष्टच विचारलं की त्या दिवशी तुम्ही रुसला नव्हतातच ना? म्हणाले, “आजार तर व्हताच. पण टोपी बी लहान व्हती. धाकट्या भावाला थोरल्याच्या डोक्याचं माप ठाऊक नसावं?” तेव्हा तुमचं म्हणणंही अगदीच चुकीचं नव्हतं.

ता. क. दुसरा. म्हणून, या रविवारी या. मोठ्या मापाची टोपी आणा. आजाराचं एक अक्षर काढू नका, भांडायला आल्यासारखे या. आणि टोपी घालताना त्यांनी न मागता हात पुढं करा.

ता. क. शेवटचा. कडुबा काका रविवारी समजूत काढायला येणार, असं तुम्हाला न विचारता मी आज सकाळीच बाबांना सांगून टाकलंय. ते म्हणाले, “येऊ दे. मी उठनार नाय.” मग दाराकडं बघितलं. म्हणाले, “पन उठता येत नाय म्हनून बसला, असं त्याला वाटाया नको,” आणि आईकडं गोळ्या मागितल्या. आजपासून पुन्हा चालू केल्यात.