तीन कामांची हलकी मशीन

पनवेल
डिसेंबर ९७, गुरुवार, दुपार

प्रिय कुमुदताई,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोन केला असता, पण पेणला तुझा फोन आला की सासूबाई पदर खोचून बाजूला उभ्या राहतात, आणि मला जे सांगायचंय ते सगळ्या आळीला ऐकवायचं नाय. बाबा जेवून शेडमध्येच आडवे झालेत. मी गॅसच्या सिलिंडरला टेकून लिहितोय. वर पत्र्याला दोन भोकं आहेत, त्यातून उन्हाच्या दोन काठ्या खाली आल्यात आणि त्यात लोखंडाची धूळ असली सावकाश फिरतेय की मला सारखी डुलकी येतेय. अक्षर बघून हसू नकोस. वेल्डिंग याच्यापेक्षा बरं करतो.

भाऊबीजेला सकाळी आलीस आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेलीस. स्टँडवर आई तुला म्हणाली, "बाय, आता ये ना कायमची." आणि तू म्हणालीस, "येईन गं, पण काय म्हणून येऊ?" तुम्हाला वाटलं मी उसाचा रस पितोय. पीत होतोच, पण रस काय कानानं पितात? भावोजी गेल्यापासून तू तिकडे सगळ्यांचं करतेस, आणि तुझी शिलाई मशीन मात्र त्यांनी माळ्यावर टाकली, कारण ओटीवर दिराचा टीव्ही ठेवायचा होता. हे तू आईला सांगितलंस, मला नाय. मला सांगितलं असतंस तर त्या टीव्हीच्या अँटेनात मी घार बसवली असती. इकडे ये म्हटलं की तू मान हलवतेस. माहेरी चार दिवस लाड, पाचव्या दिवसापासून ओझं, असं तुझं ठरलेलं. गेला महिनाभर मी तुझ्या त्या एका प्रश्नाला उत्तर शोधतोय. पण आधी मशीनचं ऐक. तू विचारलं होतंस ना, हे खोकं कुठून आणलंस, आणि मी नुसते दात काढले होते.

इथं नवीन पनवेलपासून खारघरपर्यंत बिल्डिंगा उगवतायत. प्रत्येक खिडकीला ग्रिल आणि प्रत्येक नाक्यावर ग्रिलवाला. आपली रॉडची जुनी मशीन आणि बाबांचा हात, दोन्ही भारी, पण तेच काम आता चौघेजण करतात. तळोज्याच्या कंपनीतले विश्वजीत साहेब एकदा गेट करून घ्यायला आले होते, ते म्हणाले की त्यांना पातळ स्टीलच्या टाक्या पाहिजेत, आणि आतून सांधा असा की बोट फिरवलं तर कळता कामा नये. आपल्या रॉडनं तो पत्रा कागदासारखा जळतो. म्हणून मी बाबांच्या मागे लागलो की एकच मशीन घेऊ, तिच्यात तिन्ही कामं होतात. रॉड लावला की ग्रिल, तारेचं रीळ लावलं की गेट, आणि आर्गन गॅसचा टॉर्च लावला की पातळ स्टील. बाबा म्हणाले, "तीन कामं करनारा मानूस एक बी धड करत नाय. तुलाच बग."

दसऱ्याच्या आधी मुंबईला नागदेवीच्या मशीनबाजारात गेलो. दुकानात प्रभाकरशेठ म्हणून एक गोड बोलणारा माणूस. बाबांनी मशीनची बटणं बघितली नायत, कागद बघितला नाय. सरळ वाकले आणि मशीन उचलून बघितली. त्यांचं तसंच आहे ना, वजन असेल तो माल. जुनी मशीन उचलायला चार माणसं लागायची म्हणून ती चांगली. ही नवी, आतून सगळं इलेक्ट्रॉनिक, पोरीसारखी हलकी. मी बघितलं, बाबांचा चेहरा पडायला लागलाय. म्हणून मी मागच्या बाजूनं मशीनवर कोपर टेकवून उभा राहिलो, सगळं वजन टाकून, आणि वर छताच्या पंख्याकडे बघत बसलो. बाबांनी दुसऱ्यांदा उचलली, कण्हले, आणि म्हणाले, "हां. आता कळतंय. हाय, माल हाय." प्रभाकरशेठला सगळं दिसत होतं. तो इतका खूश झाला की त्यानं पायानं दाबायचं एक पॅडल फुकटात बांधून दिलं. पनवेलला टेम्पोतून उतरवताना बाबांनी एकट्यानं मशीन काखोटीला मारली आणि तिथंच थबकले. "दीपू, ही हलकी कशी झाली रं?" मी म्हटलं, बाबा, घाट नसला तरी प्रवास आहे, मुंबईहून येताना माणूस पण उतरतो.

बसवायला तीन दिवस धिंगाणा. अर्थिंगचा खड्डा बाबांनी स्वतः खणला, त्यात कोळसा घातला आणि मीठ घातलं. मीठ दुकानातलं नाय, गावाकडनं मिठागरातलं मागवलं. म्हणाले, आज्याच्या मिठागरातलं मीठ वीज पण ओळखते. आईनं दसऱ्याला झेंडूची माळ घातली, ती हवेच्या जाळीवरच. मशीन गरम होऊन गप्प झाली तेव्हा आई म्हणाली देवीचा कोप, मी माळ काढली आणि कोप गेला. मग खरा घोळ. गॅसनं जोड मारला की सगळा आंबोळीसारखा भोकाभोकांचा. रॉड लावला की ठीक, गॅस लावला की आंबोळी. बाबा रोज मशीनला टपली मारायचे, "हलकी, हलकी!" एका दुपारी ते स्टुलावर बसून पेंगत होते आणि त्यांचा टेबलफॅन नेहमीसारखा घरघरत होता, धूर उडवायला, वीस वर्षांची सवय. घाम आल्यावर दचकून कसे उठतात ते बघायचं म्हणून मी गुपचूप पंख्याची पिन काढली आणि साळसूदासारखा जोड मारायला बसलो. आणि ताई, तो जोड आरशासारखा आला! जोडावर पांघरूण घालणारा सगळा गॅस पंखा उडवून नेत होता. रॉडला वारा चालतो, गॅसला नाय. बाबा घामानं उठले, शिवी तोंडात आलेली, आणि जोड बघून ती तशीच गिळली. तेव्हापासून आम्ही दोघं उकडत काम करतो.

आता जे सांगतो ते मी कुणाला सांगितलं नाय, लोक म्हणतील पोराला ऊन लागलं. गॅसच्या कामाला आवाज नसतो. बाबांचा रॉड फोडणीसारखा तडतडतो, हे नुसतं सुस्कारा टाकल्यासारखं. काळ्या काचेचा मुखवटा घातला की भर दुपारी रात्र होते. शेड नाय, रस्ता नाय, पनवेल नाय. फक्त समोर एक एवढासा हिरवा चंद्र, आणि त्याच्या खाली वितळलेल्या स्टीलचं तळं, मुगाच्या दाण्याएवढं. ते तळं पुढे सरकवत न्यायचं, बस. मागे ते गोठतं आणि माशाच्या खवल्यासारखी नक्षी राहते. काम संपलं तरी तो चंद्र डोळ्यांत राहतो. मी जेवताना तो भातात बघतो, कर्नाळ्याच्या सुळक्यावर बघतो. झोपेत मी त्या तळ्याच्या काठावर बसलेलो असतो आणि काही करायचं नसतं.

पण काम काय जमलं नाय. उजव्या हातात टॉर्च, डाव्या हातात बारीक तार, आणि पाय पॅडलवर. हळू दाबलं की हळू आग, जोरात दाबलं की जोरात. हात एकीकडे, पाय दुसरीकडे, डोळे तिसरीकडे. बाबांचा पाय म्हणजे ट्रकचा ब्रेक. दाबला तो दाबलाच, पत्र्याला रुपयाएवढं भोक. माझा पाय तुला माहितीय, आरतीला पण नाचतो. साहेबांसाठी केलेले सगळे तुकडे आम्ही भंगारात टाकले.

मग भाऊबीज आली. ओवाळून झालं, बाबा बाजारात गेले, आणि मी तुला म्हटलं, ताई, दिवसा चंद्र बघायचाय? तुला वाटलं माझी नेहमीची टवाळी. बाबांचा जाड कोट तुझ्यावर चढवला, मुखवटा घातला, तू हसत होतीस. पॅडल पायाखाली सरकवलं आणि तू काही न विचारता चप्पल काढून पाय ठेवलास, आधी टाच, मग चवडा. शिलाई मशीनवर ठेवायचीस तसा. मी फक्त तार कशी धरायची ते सांगितलं. पहिला तुकडा वाकडा गेला, दुसरा कमी वाकडा. तिसऱ्याला मी बोलायचं बंद केलं. आग तुझ्या पायाचं ऐकत होती. कोपऱ्याशी आलीस की कमी, जाड जागेवर थोडी जास्त. आणि मुखवट्याच्या आत तू गुणगुणत होतीस. भावोजी गेल्यापासून मी तो आवाज ऐकला नव्हता. मग मुखवटा काढून म्हणालीस, "बरंय रे तुझं खेळणं," आणि चहा टाकायला गेलीस. एवढंच तुला माहितीय. पुढचं नाय.

तू गेल्यावर मी तुझा तो तिसरा तुकडा, ती जोडलेली पट्टी, बाबांच्या ताटाशेजारी ठेवली. त्यांनी आमटीचा हात पुसला, अंगठा फिरवला, परत फिरवला. "कोनाचं?" मी म्हटलं, ओळखा. "कंपनीत तो केरळचा उस्ताद हाय, त्याचं." मी म्हटलं, नाय. पुढचे दोन दिवस त्यांनी आख्ख्या तळोज्याची नावं घेतली. शेवटी आई वैतागली. "बायचं हाय. मी दारातनं बगत होते." बाबा म्हणाले, "पोरीनं आगीचं काम करायचं? लोक काय बोलतील?" आई भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, "आनी चुलीत काय बरफ असतो?"

त्याच आठवड्यात साहेब आले, तर मी तीच पट्टी पुढे केली. म्हटलं, आमच्या मोठ्या कारागीर आहेत, पेणला असतात, फार मागणी आहे त्यांना. साहेबांच्या भुवया वर गेल्या, "बाई?" मग बोट फिरवलं आणि भुवया खाली आल्या. "कधी येतील?" मी म्हटलं, त्यांच्या सवडीनं साहेब, त्यांना घाई केलेली चालत नाय. ते थांबायला तयार आहेत. थाप आहे, पण अर्धीच. एका पट्टीनं टाकी होत नाय, तुला महिना दोन महिने नुसते तुकडे जाळावे लागतील. ते मी गोणीभर जमवून ठेवलेत. आम्हाला येत नाय गं ते. गोड लागावं म्हणून बोलत नाय, खरंच येत नाय.

हे सगळं मी तुला कधी ना कधी सांगितलंच असतं. पण आज पत्र लिहायला बसलो ते कालच्यामुळे. बाबांना तू अजून ओळखत असशील तर बघ. काल त्यांनी आईकडे तुझी एक बांगडी मागितली, लग्नाआधीची, हिरव्या काचेची, आईनं डब्यात जपून ठेवलेली. रुमालात गुंडाळून खिशात घातली आणि एकटेच बाजारात गेले, चांभाराकडे. त्याला म्हणाले, ह्या मापाच्या हाताचे मोजे शिव, कातडं मऊ पायजे, बोटं बारीक हायत तिची. हे मला चांभारानंच सांगितलं. संध्याकाळी बाबा मोजे घेऊन आले, कुणाशी बोलले नायत, मशीनशेजारच्या खिळ्याला अडकवून टाकले. रविवारी मी टेम्पो घेऊन पेणला येतोय. सासूबाईंशी काय बोलायचं ते आई ठरवेल, ती पण सोबत आहे. तुला यायचं नसेल तर टेम्पो रिकामा परत नेईन, रागावणार नाय. पण सकाळी ते मोजे मी गंमत म्हणून हातात घालायला गेलो, अंगठ्यापाशीच अडकले, आणि बाबा पलीकडून ओरडले, "काढ! तू तानून ठेवशील, मंग तिला ढगळ होतील."

तुझाच,
ज्याला ते मोजे होत नायत तो,
दीपू