हात शेवटच्या सत्रात

१४ ऑक्टोबर, सोमवार

पोचले एकदाची! आयोवाहून इथवरचा सगळा रस्ता मक्याच्या कापणीचा. अर्धा वेळ कुणाच्या तरी कापणीयंत्रामागं रांगत गाडी हाकायची आणि तो गडी बाजूला झाला की वर त्यालाच हात हलवून आभार मानायचे. आमच्याकडची माणसं अशीच. आपल्याला घाई आहे हे तोंडावर सांगणं म्हणजे शिवी दिल्यासारखं.

उत्तर मिझुरीतलं छोटंसं गाव आहे. चौकात न्यायालय, रुळांपाशी धान्याची उंच कोठारं आणि टेकाडावर आमचं (आत्ताच आमचं म्हणते आहे, देवा सांभाळ!) विटांचं कॉलेज. पाहुण्यांच्या खोलीत उतरवलंय मला. खिडकीतून माझी खटारा गाडी दिसते, तिच्यापलीकडं फाटक आणि हमरस्ता.

माझी देखभाल ग्रेटा लूमिस नावाच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीकडं आहे. आल्या आल्या तिनं चिकन आणि नूडल्सचं गरम भांडं आणि भोपळ्याची गोड पाई पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, ‘खा गं, किती वाळलीयेस!’ मी वाळलेली वगैरे काही नाही, पण बरं वाटलं.

डॉक्टरकीसाठी अर्ज करण्याची ही माझी तिसरी खेप. आधीच्या दोन्ही वर्षी सगळीकडून नकार. यंदा एका ठिकाणी प्रतीक्षा यादीत टांगलंय आणि बोलावणं आलं ते फक्त इथून. मी एकतीस वर्षांची आहे. इथंही नाही म्हणाले तर पुन्हा रुग्णवाहिकेवर, कायमची. बाबा म्हणतात, ‘बेथी, रुग्णवाहिका काय वाईट आहे?’ त्यांना अजून वाटतं की ऑस्टिओपॅथीचे डॉक्टर म्हणजे मालिशवाले. सांगून थकले की पूर्ण डॉक्टर असतात हो, औषधं देतात, ऑपरेशनं करतात, वर हातांनी हाडं-स्नायू चाचपून दुखणं शोधतात. मला त्या हातांसाठीच व्हायचंय डॉक्टर. रुग्णवाहिकेत माणूस माझ्या हाती येतो आणि दारातच दुसऱ्याच्या हवाली करावा लागतो. एकदा तरी तो बरा होईपर्यंत माझे हात त्याच्यावर राहावेत असं वाटतं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

मुलाखत झाली. अधिष्ठाता डॉ. पेलम उंच, मऊ आवाजाचे आहेत. त्यांनी हस्तांदोलन केलं आणि दुसरा हात माझ्या कोपराखाली ठेवला, तो बराच वेळ काढलाच नाही. मग म्हणाले, उजव्या बाजूनं स्ट्रेचर उचलत आलात ना? डावा खुबा वर चढलाय, मान उजवीकडं कललीय, तिसरी बरगडी अडकलीय. नुसत्या कोपरावरून! मी थक्क. ते हसून म्हणाले, ‘अहो, तुमच्या अंगात आमचा अख्खा अभ्यासक्रम आहे.’ इतकं गोड माझ्याबद्दल कुणी बोललं नव्हतं.

ग्रेटानं बोटांची परीक्षा घेतली. कागदाखाली केस ठेवतात, तो बोटांनी हुडकायचा. सापडला की वर आणखी एक कागद. मी शेवटपर्यंत हुडकला. ग्रेटा म्हणाली, बाई, तू तर आम्हाला घरी बसवशील.

मग डॉ. पेलमनी बदललेला अभ्यासक्रम समजावला. इतर कॉलेजांत विद्यार्थी जोड्या करून एकमेकांवर सराव करतात. आज तू टेबलावर, उद्या मी. आपण टेबलावर पडलो की परका हात कसा लागतो ते कळतं. इथं ते बंद केलंय. आता एका वर्गाला एकच देह. सगळे हात अखेरपर्यंत त्याच देहावर. आधी मान, मग बरगड्या, मग कंबर आणि पाय, मग जबडा, आणि हात अगदी शेवटच्या सत्रात. मला हे नीटसं पटलं नाही. जो कधी टेबलावर पडलाच नाही, त्याला रुग्णाची भीती कशी कळणार? मी विचारलंही. डॉ. पेलमना प्रश्न फार आवडला. हात शेवटी का, असंही विचारलं. म्हणाले, तुम्हाला काय वाटतं? मी म्हटलं, हात गेले की माणूस काहीच सांगू शकत नाही, म्हणून ते शेवटी असलेलेच बरे. ते मान डोलावत राहिले.

तो देह कोण होतो, असं विचारल्यावर म्हणाले, इथली माणसं फार उदार आहेत.

जाता जाता लॅबचं दार उघडं दिसलं. मधल्या टेबलावर एक तरुण झोपला होता, भोवती दुसऱ्या वर्षाचा वर्ग. ग्रेटानं ओळख करून दिली, हा वेस्ली. मी हॅलो म्हटलं. तो हसला. पण त्याचे डोळे मी दाराबाहेर जाईपर्यंत माझ्या मागं आले, हसू मात्र तिथंच राहिलं.

१६ ऑक्टोबर, बुधवार

आज मला टेबलावर घेतलं. उमेदवारांना चव कळावी म्हणून, ग्रेटा म्हणाली.

हात लावण्याआधी विचारायचं, हा आमच्या विद्येचा पहिला नियम. पण दरवेळी विचारण्यात वेळ जातो म्हणून नव्या अभ्यासक्रमात एकदाच विचारतात. सगळा वर्ग टेबलाभोवती उभा. ग्रेटानं विचारलं, ‘आम्ही हात लावू का?’ मी आमच्याकडं कुणीही म्हणेल तेच म्हटलं. अवश्य, घ्या हवा तेवढा वेळ. दार अडवून गप्पा मारणाऱ्या शेजारणीलाही आपण हेच म्हणतो. सगळे एकदम खूश झाले. मागं कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली.

मग मानेवर हात आले. किती होते कळलं नाही. मानेत काहीतरी कट्‌कन जागेवर बसलं आणि दहा वर्षांचं ओझं उतरलं. मला रडूच आलं. ग्रेटानं डोळे पुसले. संध्याकाळी टेंडरलॉइन सँडविच खाल्लं, पोर्कचा तळलेला काप पावाबाहेर ताटाएवढा लोंबत होता. अशी भूक कित्येक दिवसांत लागली नव्हती.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

प्रवेश मिळाला! डॉ. पेलमनी स्वतः खोलीवर येऊन सांगितलं, वर्गात तुमची जागा पक्की. मी त्यांना मिठीच मारली. बाबांना फोन केला. ते म्हणाले की ट्रॅक्टर बंद करून येतो, तू पुन्हा सांग. मी पुन्हा सांगितलं. बाबा रडत होते.

अजून तीन दिवस थांबा म्हणाले, ओळख होईल. मी म्हटलं, काहीच हरकत नाही.

एक किरकोळ गोष्ट. मान डावीकडं वळत नाही. दुखत नाही, अडकतही नाही, नुसती वळतच नाही. डावीकडं खिडकी आहे. गाडी बघायची तर सबंध अंगानं फिरावं लागतं. ग्रेटाला सांगितलं तर तिनं आनंदानं वहीत टिपून घेतलं.

वेस्ली कुठल्या वर्षाला आहे, असंही विचारलं. ती म्हणाली, अगं, तोही मुलाखतीलाच आला होता. त्यालाही आमच्याकडं जागा मिळाली.

तिनं हे अगदी सहज सांगितलं. मी हसले, कारण ती हसत होती.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

आज बरगड्या. मला जायचं नव्हतं. अंग मोडून आलंय म्हणायचं ठरवलं होतं, पण ग्रेटा दारात उभी, हातात गरम कॉफी, माझी वाट बघत. तिला ताटकळत ठेवणं बरं दिसेना.

आता श्वास त्यांच्या लयीत चालतो. वर्ग श्वास घेतो तेव्हा मी घेते. खोलीत एकटी असले तरी. मोठ्यानं हाक मारून पाहिली. हाकेपुरता श्वास आतच येत नाही. पुरतो तो फक्त ‘हो’ म्हणण्यापुरता.

उद्या सकाळी निघते. प्रवेश गेला खड्ड्यात. तीन खेपा अर्ज केले होते, पण गेला खड्ड्यात.

शनिवार

बॅग घेऊन निघाले. गाडीशी पोचले. किल्ली लावली. दार उघडून आत बसायला वाकले तर कुलूप लागल्यासारखी कंबर अडली. मग पायी निघाले. फाटकापर्यंत पाय माझे होते. फाटकाशी आले आणि पाय वळले. मी नाही वळवले. ते वळले आणि अंगणातून, गवतावरून, पायऱ्यांवरून मला लॅबच्या दारापर्यंत घेऊन गेले. कंबर आणि पाय त्यांनी कधी केले? मी झोपले होते का?

ग्रेटा दार धरून उभी होती. थंडी आहे, आत ये, म्हणाली.

मंगळवार

टेबलावर. उठता येत नाही. मी नाही म्हटलं. स्पष्ट म्हटलं, सगळ्यांसमोर. मला सोडा, माझी परवानगी नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तोंडावर नाही म्हटलं. मुलं खाली बघायला लागली, मी कुणाच्या घरी जेवायला जाऊन ताट ढकलल्यासारखी. डॉ. पेलम माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, बाळा, तूच म्हणालीस ना, हवा तेवढा वेळ? आम्हाला अजून हवाय.

वही त्यांनीच हाताखाली ठेवलीय. देहानं स्वतःचं निरीक्षण लिहायचं, तेही नव्या अभ्यासक्रमात आहे. रोज वाचतात. शुक्रवारच्या नोंदीशेजारी त्यांच्या पेन्सिलीनं लिहिलंय, ‘छान. आणखी तपशील हवा.’

घ्या तपशील. मला भीती वाटते. मला घरी जायचंय. मला घरी

नंतर

जबडा झाला. चेहरा हसतो. मी नाही, चेहरा.

पलीकडच्या टेबलावर वेस्ली. त्याचे हात झालेत. काल त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मिटले डोळे. एवढंच त्याच्याकडं उरलंय.

रविवार असावा — घंटा वाजली चर्चची

बाबा आले. इतक्या लांब, कापणी सोडून. चांगला सदरा घातला होता. चर्चच्या बायकांनी दिलेली पाई आणली होती माझ्यासाठी. ग्रेटानं मला उशांना टेकवून बसवलं, हात पांघरुणावर ठेवले, वही उचलून नेली. बाबा म्हणाले, किती ताठ बसलीय माझी पोरगी, अशी तर कधी बसली नव्हती. कसं चाललंय, विचारलं. माझ्या तोंडानं सांगितलं, छान, बाबा, काही काळजी करू नका.

मग त्यांनी माझा उजवा हात हातात घेतला. मी दाबला. होती नव्हती ती ताकद लावून दाबला. पुन्हा, पुन्हा. त्यांनीही दाबला. डोळे भरून आले त्यांचे. म्हणाले, ‘काय पकड आहे बघा! डॉक्टरचे हात.’

डॉ. पेलमना म्हणाले, हिच्याकडं लक्ष ठेवा हो. आणि गाडीचा आवाज — लांब — लांब गेला. कापणीयंत्रामागं अडकतील. हात हलवतील त्याला.

—

आज शेवटचं सत्र. हात.

ग्रेटा करंगळीपासून — विचारत नाही. विचारून झालंय.

करंगळी गेली. मधलं बोट — अक्षर बघा कसं

वेस्लीला दुसरीकडं नेतायत. बाहेर नवे उमेदवार आलेत, हसतायत, कुणीतरी पाई दिलीय त्यांना खायला — अरे, नाही म्हणा रे — पहिल्यांदाच —

अंगठा अजून माझा आहे.

बाबा, मी हात दाबला होता ना, तो आनंदानं नव्हे, मी तुम्हाला सांगत होते की मला इथून