घरीच असते

प्रिय आई,

काल तुझी फार आठवण आली. आणि आलीही कुठे, तर दवाखान्यात माझ्या नोंदणीच्या खिडकीत, समोर रांग उभी असताना! म्हणून आज हे लिहायला बसले.

दुधनीकडची एक बाई आली होती. तिचा हात कडबा कुट्टीच्या यंत्रात गेला होता. पट्टी बांधून झाल्यावर ती नोंदीसाठी माझ्याकडे आली. जखमी माणूस काय काम करत होता, तेही आम्हाला हल्ली लिहावं लागतं. मी विचारलं, "काम काय करता?" ती म्हणाली, "काय न्हाय. घरीच असते."

अगदी तुझाच सूर गं!

तुझी दोन बोटं कुट्टीत गेली, तेव्हा कुंभारीहून रिक्षात मी तुझा हात धरून बसले होते. केसपेपर काढताना तूही हेच म्हणालीस. खिडकीतल्या माणसानं लिहिलं, 'गृहिणी, घरगुती अपघात.' घरगुती! म्हशी, खुरपणी, कडबा, सगळं तूच करायचीस ना? मग बोलली का नाहीस? तोंडाला कुलूप होतं का?

नंतर तू सगळं हसण्यावारी नेलंस. भाकरीवर तुझी तीनच बोटं उमटायची. मी बघत बसले की म्हणायचीस, "खायाला तुजी पाच हायत की. खा." ती भाकरी मला आता कोण देणार?

आमच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, कुट्टीनं कुणाचे हात नेले हे नोंदीतच आलं नाही, तर यंत्राच्या तोंडाला जाळी बसवा असं ते बनवणाऱ्यांना सांगायचं कशाच्या जोरावर?

म्हणून काल मी हटले नाही. "म्हशीला वैरण कोण घालतं?"

"मीच की. पण ते काय काम हाय व्हय, ताई? घरचंच हाय."

मी लिहिलं, 'शेतकरी. शेतीकाम करताना.' वाचून दाखवल्यावर ती घाबरलीच. "असं नगा लिवू! रान माज्या नावावर न्हाय."

"हात तर तुमचाच हाय न्हवं?"

तिनं पट्टीचा हात उचलून बघितला. मग हळूच म्हणाली, "लिवा."

आई, तुझी जुनी नोंद आता बदलता येत नाही. मी विचारून पाहिलं. पण या खिडकीत कुणी 'घरीच असते' म्हणालं, की दुसरा प्रश्न विचारल्याशिवाय मी पुढच्या माणसाला बोलावणार नाही. रांग ओरडू दे खुशाल! हा शब्द तुला दिला.

तुझी,
शेतकरी आईची लेक,
सुमन