गारठलेलं पिस्तूल

आई, आज सकाळी माझं पिस्तूल एकदाही न अडखळता चाललं, आणि त्याचं श्रेय तुझ्या एका शब्दाला आहे. तू असतीस तर शब्दाचं सोडून आधी किंचाळली असतीस, “पिस्तूल? तुझ्या हातात? ह्या वयात?” हो, ह्याच वयात. बँकेतून निवृत्त झाल्यावर माझ्या बरोबरीच्या बायका भजनी मंडळात गेल्या, मी नेमबाजीच्या क्लबात गेले. रीतसर परवाना काढला आणि क्लबातल्याच गिरगावच्या एका काकांचं जुनं पॉइंट टू-टूचं पिस्तूल घेतलं. त्यांची नजर अधू झाली म्हणून त्यांनी ते सोडलं. कागदावर छिद्रं पाडण्याचा खेळ आहे हा, कुणाला मारायचं नसतं, तेव्हा देवाकडे गाऱ्हाणं घालू नकोस.

तर झालं असं, की थंडी पडली आणि पिस्तूल बिघडलं. रविवारी सकाळी घोडा ओढला की नुसतं ‘टक’. बार नाहीच. ज्येष्ठांच्या सामन्यासाठी संघ निवडायचा होता आणि त्यात एकच जागा उरली होती. आमचे सेक्रेटरी, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, मागे हात बांधून उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “मॅडम, पिस्तुलाला काय झालेलं नाय. तुमचं मनगट ढिलं पडतं, मग स्लाइड पूर्ण मागे जात नाय, पुढची गोळी नीट बसत नाय. वयाप्रमाणे होतं. पुढच्या रविवारीपण असंच झालं तर आपण जागा दुसऱ्यांना देऊ, काय?” असा संताप आला म्हणून सांगू! ‘वयाप्रमाणे’ म्हणे.

पण हातात पिस्तूल असताना संताप करायचा नसतो, हे मी शिकले आहे. ‘टक’ झालं की नळी लक्ष्याकडेच धरून उभं राहायचं, बोट घोड्यावरून काढायचं, कारण कधीकधी गोळी उशिरा पेटते. नळीत डोकावणारा माणूस मूर्ख असतो. अर्धं मिनिट जाऊ दिलं, मोकळा हात वर करून रेंजवरच्या अधिकाऱ्याला बोलावलं. मग गोळ्यांचं मॅगझिन बाहेर, वरची सरकती स्लाइड मागे, न पेटलेली गोळी बाहेर. आत गोळी नाही हे मी डोळ्यांनी पाहिलं, करंगळीने चाचपलं, मग त्याला पाहायला लावलं. तेव्हा कुठे पिस्तूल खाली ठेवलं. आणि गोळी उचलून चष्म्याजवळ नेली. बुडाच्या कडेवर, जिथे पिस्तुलातली पिन आपटून गोळी पेटते, तिथे ठसा इतका पुसट, की चिमणीने चोच लावल्यासारखा. शेजारच्या बाईंच्या, नीट उडालेल्या गोळीच्या पुंगळीवर मात्र चांगला खोल खड्डा.

“ही पहिली गोळी आहे,” मी सेक्रेटरींना म्हटलं. “स्लाइड मी हाताने पूर्ण ओढून भरलेली. तिला माझ्या मनगटाचं काय पडलंय?”

“मग गोळ्या खराब असतील.”

त्याच डब्यातल्या गोळ्या शेजारच्या बाईंनी स्वतःच्या पिस्तुलातून धडाधड उडवून दाखवल्या. सेक्रेटरींना चहाची आठवण झाली.

गंमत म्हणजे, ऊन वर आल्यावर तेच पिस्तूल सुतासारखं सरळ चालायला लागलं. ह्या कोड्याने आठवडाभर माझं डोकं खाल्लं. शुक्रवारी सकाळी लालबागच्या ह्या आपल्याच खोलीत मी न्हायला बसते, खोबरेलची बाटली उलटी करते, आणि एक थेंब खाली येत नाही. तेल पांढरं, दगड. आणि तू माझ्या मागे उभी राहून बोलतेस, “गारठली गो ती. उन्हात ठेव तिका, आपसूक चलतली.”

तू हे बाटलीबद्दल म्हणत नव्हतीस. तुझ्या शिलाई मशीनबद्दल म्हणत होतीस! दर पौषात खोबरेल घातलेलं मशीन अडायचं आणि आपण दोघी ते उचलून गॅलरीत उन्हाला नेऊन ठेवायचो, शेजाऱ्यांचे ब्लाउज खोळंबायचे. मी तेव्हा कॉन्व्हेंटच्या गणवेशात कंबरेवर हात ठेवून तुला इंग्रजी ऐकवायचे, की मशीनचं तेल वेगळं मिळतं. तू म्हणायचीस, “डोक्याक चलता, तर मशीनीक कित्याक नाय?”

ओल्या केसांनीच गिरगावला फोन लावला. “काका, पिस्तुलाला तेल कुठलं घालायचात?”

“घरचं!” काका अभिमानाने म्हणाले. “गावचं खोबरेल, घाण्यावरचं. बाजारातलं भेसळीचं मी हत्याराला लावू? काय म्हणता!”

“आणि थंडीत कधी अडलं नाही?”

“छे! मी आपला जेवून, झोप काढून दुपारी यायचो. सकाळी कोण मरायला येतो?”

आई, मी एवढी हसले की शेजारीण दारात आली. शनिवारी क्लबच्या आर्मररकडून, म्हणजे हत्यारं दुरुस्त करतो त्याच्याकडून, पिस्तूल उघडवून घेतलं. स्वतः पाना लावायचा शहाणपणा केला नाही. पिन ज्या बारीक वाटेने धावते ती वाट जुन्या तेलाने तुंबलेली, मेणासारखी. पिन बिचारी चिखलातून पळत होती. त्याने सगळं धुऊन काढलं आणि योग्य ते तेल नावापुरतं लावलं.

आज सकाळी हवेत मस्त गारवा आहे, सेक्रेटरी मागे हात बांधून उभे आहेत. पहिली गोळी, बार. दुसरी, बार. पूर्ण मालिका संपेपर्यंत एकही ‘टक’ नाही, आणि छिद्रं कशी एकमेकांना चिकटून बसलेली! कान झाकलेले असूनही तो आवाज छातीत वाजतो, आणि मला तो आवडतो, आई, फार आवडतो. सेक्रेटरींनी घसा खाकरला. “मॅडम, तुमचं नाव फायनल. पण फॉल्ट काय होता?” मी म्हटलं, “वयाप्रमाणे होतं.”

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून एवढंच सांगून टाकते. काल रात्री, खरंच मनगटच ढिलं निघालं तर, ह्या भीतीने माझा धीर सुटला होता. माझं नाव काढा म्हणून सांगायला सेक्रेटरींना फोन लावला. त्यांनी उचलला नाही.