मामाच्या हातची काच

दि. १४ मार्च

चि. ठमाबाईस मामाचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. डोक्यावर पुन्हा केस उगवलेत आणि जावईबापू त्यांना 'मक्याचा तुरा' म्हणतात, हे वाचून एकटाच हसत बसलो. मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात, त्यांना कोण विचारतंय!

आक्का सांगत होती, जावईबापू तुझ्या छातीतून काढलेली गाठ दुसरीकडे तपासूया म्हणत होते, आणि तूच अडून बसलीस. "मामाच्या हातून गेलंय, आता कशाला?" ते ऐकलं आणि ठरवलं, आता तुला सांगायचंच.

लहानपणी विचारायचीस ना, मामा कामावर काय करतो? तर, गाठीचा पापुद्र्यासारखा काप काचेवर घ्यायचा. त्या पेशींना हार्मोन पकडणारे हात आहेत का, ते बघायचं. गाठ टिकवायच्या औषधात मुरून हे हात आखडतात, म्हणून काच वीस मिनिटं कुकरमध्ये वाफवायची. घरी असतो तसाच कुकर! मग रंग द्यायचा. हात असले तर तपकिरी ठिपके उठतात, आणि अशा बाईला हार्मोनच्या गोळ्या लागू पडतात. शेजारी एक तुकडा असतो, हमखास तपकिरी होणारा. तोच फिका राहिला, तर सगळं पुन्हा करायचं.

तुझ्या वेळी तो फिका होता, ठमे.

तू वॉर्डात होतीस. भेटीची वेळ गाठायची म्हणून मी कुकर आठव्या मिनिटालाच उतरवला. दुसऱ्या दिवशी आमच्या लॅबच्या डॉक्टरांनी विचारलं, "मामा, शेजारचा तुकडा ठीक?" चौतीस वर्षांत माझी एकही काच परत गेली नव्हती. "चोख," म्हणालो. "तुम्ही म्हणालात म्हणजे झालं," म्हणत त्यांनी 'हात नाहीत' या रिपोर्टवर सही केली, आणि तुझ्या गोळ्या राहिल्या. मग रोज वाटायचं, आज सांगू. जितके दिवस गेले, तितकं तोंड शिवत गेलं.

परवा तुझ्या जपून ठेवलेल्या गाठीचा नवा काप घेतला. घड्याळासमोर वीस मिनिटं उभा राहिलो. काच गच्च तपकिरी झाली. सात महिने तुझी गोळी माझ्या तोंडात अडकली होती.

आज सकाळी दोन्ही काचा डॉक्टरांपुढे ठेवल्या. त्यांनी दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. मग म्हणाले, "आधी खुर्चीवर बसा." उशीर झालाय, पण गोळ्या अजून चालू करता येतील म्हणाले. तुझ्या डॉक्टरांना त्यांनी माझ्यासमोरच फोन केला.

तरी दुसरीकडे तपासून घे. आक्काला मीच सांगेन. आणि तिथे गेलीस की माझं नाव सांगू नकोस. माझ्या नावावर कुणी काही तपासायचं सोडू नये.

तू म्हणशील तोवर,
तुझा मामा