डॉक्टरीणबाईंचं सुबक पातेलं

ती. वन्सं यांना,

वाकून नमस्कार. (कागदावर वाकायला कंबर दुखत नाही, म्हणून दोनदा.) देवाच्या दयेने इकडे सगळे खुशाल. आई तर इतक्या खुशाल आहेत की आज त्यांनी माझ्या चहाला पुन्हा नावं ठेवली. तुमचे गुडघे काय म्हणतात? हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही मध्ये बोलता. कागद पाठकोरा आहे, मागे विजेचं बिल आहे, ते वाचून उगाच हळहळू नये.

तर हकीकत अशी. आपल्या प्रार्थना मंडळाचा फोनवरचा गट मी चालवते, हे तुम्हाला माहीत आहेच. रोज सकाळी सहाला प्रार्थना, मग सुविचार, मग एकमेकींची दुखणी. सदस्या एकशे चौसष्ट. त्यात तीन महिन्यांपूर्वी एक डॉक्टरीणबाई आल्या. गोड बोलायच्या. आईंना रोज विचारायच्या, "आई, झोप लागली का?" आणि एक दिवस त्यांनी आईंना सांगितलं की रक्तदाबाची गोळी म्हणजे विष, ती सोडा आणि माझ्याकडची हिरवी पूड घ्या. आईंनी त्याच दिवशी गोळी सोडली. आपल्या डॉक्टरांनी दाब मोजला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तो चढवला. पण आई ऐकतील तर शपथ. त्यांचं म्हणणं, तुमचा डॉक्टर मला "पुढचा नंबर" म्हणून हाक मारतो, ही आई म्हणते. तुमच्या भावाने समजावलं, तर त्याला जेवणाच्या ताटावरून उठवलं. (तो परत बसला. भूक होती.)

म्हणजे बाई खोटी आहे हे आईंच्याच डोळ्यांना दिसायला हवं होतं. मंडळाच्या चिटणीसबाई म्हणाल्या, सगळ्यांची ओळखपत्रं मागवा. पण निम्म्या बायकांची ओळखपत्रं नवऱ्याच्या कपाटात आणि किल्ली नवऱ्याच्या खिशात. शिवाय असले कागद फोनवर फिरवायचे नसतात, एवढं मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या बाईलाही कळतं. भांडी घासता घासता मला सुचलं (माझ्यावर देवाची कृपा नेहमी मोरीतच होते): प्रत्येकीने आपलं नाव घातलेलं भांडं हातात धरून फोटो पाठवायचा. मी वहीत रकाने आखले: सदस्या, भांडं, भांड्यावरचं नाव, शेरा.

वन्सं, काय सांगू! शिंपीणबाईंच्या घागरीवर त्यांच्या यजमानांचं नाव. पोस्टातल्या ताईंच्या तांब्यावर त्यांच्या मामांचं, "सप्रेम भेट"सकट. एक्केचाळीस जणींच्या भांड्यांवर सासूबाई. चिटणीसबाईंच्या भल्यामोठ्या पातेल्यावर तर सभागृहाचं नाव निघालं. (दुसऱ्या दिवशी ते पातेलं घासूनपुसून सभागृहाच्या दारात हजर.) वहीप्रमाणे पाहिलं तर माझ्या गटात एकही बाई स्वतः ती बाई नव्हती. आणि नेमका तेव्हाच डॉक्टरीणबाईंचा फोटो आला. चकचकीत पातेलं, त्यावर त्यांचं स्वतःचं पूर्ण नाव, पदवीसकट! गटात शाबासक्यांचा पाऊस. आई म्हणाल्या, "बघ, एकटी तीच खरी निघाली!" दुपारभर माझं तोंड एवढंसं झालं होतं.

संध्याकाळी दिवा लावला आणि तुमच्या भावाचं भिंग घेऊन बसले. पातेल्याचं पोट गोल, पण नाव मात्र आखल्यासारखं सरळ. नाव घालणारा असा कधी घालतो का? तो सुरुवातीला ऐसपैस अक्षरं काढतो, मग जागा संपते आणि आडनाव काठाशी चेंगरतं. मी फोटो आणि भिंग आईंपुढे ठेवलं आणि एक अक्षर बोलले नाही. (माझ्यासाठी हे सोपं नव्हतं, तुम्ही जाणताच.) त्यांनी पदराने भिंग पुसलं, बराच वेळ पाहिलं.

"काय गं, हे नाव घातलंय की चिकटवलंय? आणि देणाऱ्याचं नाव कुठंय? हिला आयुष्यात कुणीच काही दिलं नाही?"

मी लगेच गटावर लिहिलं, डॉक्टरीणबाईंनी आत्ताच्या आत्ता पातेलं फिरवून त्याचं बूड दाखवावं. उत्तर आलं, मी ऑपरेशनमध्ये आहे. आईंनी माझ्याकडून लिहून घेतलं, मग पेशंटला धरायला सांगा पातेलं! त्यानंतर बाई जी गटातून पसार झाली ती झालीच. जिच्या भांड्यावर तिचं स्वतःचं नाव, तेवढीच काय ती खोटी! आई म्हणाल्या, "पाणी आण. आणि ती गोळी." पूड केरात गेली. परवा डॉक्टरांनी दाब मोजला, ठीक आहे. मी त्यांना आधीच बजावलं होतं, आत गेल्या गेल्या त्यांनी "या आजी" म्हटलं. आता आईंच्या मते तो डॉक्टर हुशार आहे.

गट स्वच्छ आहे, वही पूर्ण आहे, आणि मंडळाने माझं अभिनंदन उभं राहून केलं. (खुर्च्या कमी होत्या.)

तुमची धाकटी भावजय

ता. क. तुमचाही फोटो मिळाला. हातातली परात छान आहे. तिच्यावर माझ्या वडिलांचं नाव आहे. तेव्हा परातीची ओळख पटली, तुमची शिल्लक आहे. येताना घेऊन यावी.

ता. क. दुसरा. मी स्वतः अजून फोटो टाकलेला नाही. घरात नीट वाचता येईल असं नाव एकाच डब्यावर आहे आणि ते तुमचं आहे. परात आणलीत की डबा देईन. तोवर कृपया गटावर मला कोणी ओळख विचारली तर तुम्ही मध्ये बोलावं.