मामांच्या गाडीचं पिणं

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार कागदोपत्री नाही. गेला आठवडाभर मी तुमच्या गाडीखालीच आडवा आहे, फक्त पालथा नसून उताणा.) तुमच्या कंबरदुखीला उतार पडला असेल आणि डॉक्टरांनी दिलेला पट्टा तुम्ही कमरेलाच बांधत असाल, गाडीच्या पंख्याला बसतो का ते मनात मोजत नसाल, अशी आशा आहे. इकडे सर्व खुशाल. तुम्ही आमच्या दारात ठेवलेली गाडीही खुशाल आहे, पण तिची खुशाली जरा सविस्तर सांगावी लागेल.

मामींची अट तुम्हाला पाठ आहेच. गाडीचं ऑइल पिणं थांबलं तर ती राहील, नाहीतर भंगारात जाईल. त्यावर तुम्ही पलंगावरून हुकूम सोडलात आणि मी ऑइलमध्ये घालायचं ते औषध घेऊन आलो. (बाटलीवर हसऱ्या इंजिनाचं चित्र होतं. तिथेच मला शंका यायला हवी होती.) तुम्ही स्वतः हे वापरता का, असं दुकानदाराला विचारलं, तर म्हणाला, साहेब, मी सायकलवर येतो. औषध मधासारखं घट्ट. ते ओतलं आणि डिपस्टिकवरची ऑइलची पातळी उतरायची थांबली. पुढे पुढे तर ती चढू लागली. मी हरखून तुम्हाला तसं कळवलं आणि तुम्ही ते पत्र मामींना मोठ्याने वाचून दाखवलंत, वर भुवयाही उडवल्यात, असं कानावर आलं. ऑइल आपोआप वाढवणारं औषध ज्याच्या हाती लागेल तो ते बाटलीत भरून कशाला विकत बसेल, हा विचार मात्र आपल्यापैकी कुणाच्या डोक्यात आला नाही.

परवा गाडी सुरू केली आणि गल्ली दिसेनाशी झाली. असा धूर मी जन्मात पाहिला नव्हता. समोरचा लाँड्रीवाला हातात गरम इस्त्री घेऊनच चाचपडत आला (त्याचे बारा पांढरे शर्ट बाहेर वाळत होते) आणि फार शांतपणे म्हणाला, "साहेब, आत कुणी आहे की नुसतीच पेटवलीय?" मेकॅनिकला बोलावलं. त्याने डिपस्टिक काढली, हुंगली आणि यात ऑइल कोण घालतं असं विचारलं. ऑइल कुणीच नाही, औषध मी, असं म्हणत मी छाती काढून पुढे झालो. तेवढ्यात बाबा खाकरले. मेव्हण्याची वस्तू आपल्या दारात सुकायला नको म्हणून ते रोज फिरायला जाण्याआधी थोडं ओतत होते. मग बायको म्हणाली, मीही घालते, चालवून आणल्यावर. (ती गाडी शिकते आहे हे मला त्याच क्षणी कळलं. बंपरचा पोचा मांजराने पाडलेला नाही, हेही.)

इंजिनात गळ्यापर्यंत ऑइल होतं. मेकॅनिक आधी पोटभर हसला आणि मग आम्हा तिघांना ओळीत उभं करून त्याने शिकवणी घेतली. मामा, तुमच्या गाडीचं इंजिन रोटरी. त्यात पिस्टन नाहीत, एक तिकोनी रोटर गरगर फिरतो. त्याच्या टोकांवरच्या पट्ट्यांना वंगण मिळावं म्हणून हे इंजिन थोडं थोडं ऑइल मुद्दाम जाळतं. म्हणजे पिणं हा आजार नव्हेच, ते तिचं जेवण आहे. ते थांबलं तरच घाबरायचं. आणि आपलं ते मधासारखं औषध जळलं की त्याची काजळी पट्ट्यांच्या खाचांत बसते, पट्ट्या अडकतात, इंजिनाचा दम जातो. साधं चांगलं ऑइल घाला, वेळेवर बदला, गाडी नीट तापेपर्यंत चालवा आणि बाटली दुकानातच हसू द्या, असा त्याचा निकाल. (पेट्रोलमध्ये किंचित टू-स्ट्रोक ऑइल घालणारेही असतात, त्यांना मात्र तो नावं ठेवत नाही.) एवढं सगळं कुठे शिकलात म्हटलं, तर म्हणाला, सख्ख्या मेव्हण्याचं असंच इंजिन औषध घालून बंद पाडून. ते दोघं अजून बोलत नाहीत.

सगळं ऑइल काढून नवीन भरलं. गाडी आता झकास चालते आणि पुन्हा व्यवस्थित पिते. बाकी सर्व ठीक. कंबर सांभाळा.

आपला भाचा

ता. क. : मामी येत्या रविवारी डिपस्टिक बघायला येणार आहेत. पिणं हेच तब्येतीचं लक्षण आहे, हे त्यांना तुम्ही समजावून सांगावं, एवढ्याचसाठी पत्र लिहायला घेतलं होतं. मला तेवढी छाती नाही.

दुसरी ता. क. : फार घाबरू नका. काल कुंड्यांमागे ऑइलचा एक रिकामा डबा सापडला, मामींच्या रुमालात गुंडाळलेला. इकडे दाताच्या डॉक्टरांकडे आल्या होत्या, त्या दुपारचा. फोनवर विचारलं तर म्हणाल्या, "बोललास तर याद राख. ती गाडी गेली तर तुझे मामा रविवारीसुद्धा घरीच बसतील."

तिसरी ता. क. : मामी, पाकीट नेहमीप्रमाणे आधी तुम्हीच फोडलं असेल, तर वरची आणि ही, दोन्ही ता. क. कापून पत्र पुढे द्यावं. मामांनी समजावलं की थोडे आढेवेढे घ्या आणि मग हरा. आणि रविवारी येताना ऑइल आणू नका, पातळी बरोबर आहे.